थेंबमावशीचं स्टूल

तिचं खरं नाव शेडवाल्यांना कधी लागलंच नाही. कोंबड्यांच्या पिल्लांच्या डोळ्यात लसीचा थेंब घालायचा, हे तिचं एकोणीस वर्षांचं काम, म्हणून ती थेंबमावशी. डाव्या मुठीत पिल्लू, उजव्या हातात बाटली, थेंब पडला की पिल्लाची पापणी मिटेपर्यंत थांबायचं, मगच खाली सोडायचं. नवीन बायका घाई करायच्या, तेव्हा ती खवळायची. "थेंब मुरू दे की गं! पिल्लाला काय टीव्हीवरची मालिका चुकतेय?" नवरा म्हणायचा, "माझ्या डोळ्यात कधी एवढं टक लावून पाहिलं नाहीस." त्यावर ती म्हणे, "तुम्ही पिल्लासारखे गप्प बसलात तर पाहीन."

तिची शिस्त कडक होती. शेडच्या दारातल्या औषधाच्या पाण्यात पाय बुडवल्याशिवाय ती आत जात नसे, चपला बदले, हात कोपरापर्यंत घासून धुवे. खाद्य आणणाऱ्या ट्रकवाल्याला तर तिने एकदा भर दुपारी अनवाणी परत पाठवलं होतं.

तिच्या लेकीने आणि जावयाने नोकऱ्या सोडून पहिलं शेड घेतलं. तीन हजार पिल्लं. ही तुकडी नीट वाढली तरच शेड त्यांच्याकडे राहणार होतं. लेक पिल्लांना तळहाताच्या फोडासारखी जपत होती. पाहुणे बंद, शेजारी बंद, सासरेबुवांनाही कुंपणाबाहेरून नमस्कार.

पाचव्या दिवशी मानमोडी या कोंबड्यांच्या जीवघेण्या रोगाच्या लसीचा पहिला थेंब होता. त्या सकाळी मावशी आधी टेकडीवरच्या शेडात जाऊन आली होती. तिथली तीन आठवड्यांची पिल्लं पिसं फुगवून कोपऱ्यात बसली होती, पांढरं पातळ हगत होती. "उन्हाचं झालंय," मालक म्हणाला. मावशीला ते ऊन वाटलं नाही. पण शेड त्याचं, पिल्लं त्याची, आपण कशाला उगाच तोंड घालायचं, असं म्हणून तिने थेंब घातले आणि निघाली. लेकीच्या दारात पाय बुडवले, चपला बदलल्या, धुतलेला झगा घातला, हात घासले. लेक कौतुकाने बघत होती. आत भुशावर आपलं बुटकं स्टूल टेकवून मावशी बसली आणि संध्याकाळपर्यंत तीन हजार डोळे तिने डोळ्यात तेल घालून पुरे केले.

त्यानंतर सगळं छान होतं, आणि तेच वाईट होतं. पिल्लं खात होती, वजनं चढत होती. एकही मान टाकत नव्हतं. गंबोरो या दुसऱ्या साथीच्या रोगाची लस झाली, मानमोडीचा दुसरा थेंबही झाला. जावई म्हणाला, "आता आपली पोरं पैलवान झाली." मावशी हसली खरी, पण तिला पिल्लं जरा जास्तच शांत वाटत होती. तिने ते कोणाला सांगितलं नाही.

एकतिसाव्या दिवशी सकाळी चाळीस मेली. दुसऱ्या दिवशी तीनशे. माना पिळवटलेल्या, पाय ताणलेले. मानमोडी! लस दोनदा देऊनही मानमोडी! लेक रडत नव्हती, नुसती मेलेली उचलून पोत्यात भरत होती. मावशीला ते रडण्यापेक्षा भयंकर वाटलं.

डॉक्टरबाईंनी शेडबाहेरच्या टेबलावर एक कोंबडी फाडली आणि शेपटीखालची एक छोटी पिशवी चिमट्यात धरली.

"लस खराब होती का?" मावशीने विचारलं. "माझा हात चुकला?"

"लसही चांगली होती आणि तुमचा हातही. ही पिशवी बघा. रोगाशी लढायला शिकणाऱ्या पेशी इथे तयार होतात. द्राक्षाएवढी असायला हवी होती, वाटाण्याएवढी उरलीय. अगदी कोवळ्या वयात गंबोरोचा विषाणू आत शिरला. तेव्हा पिल्लं आजारी दिसतसुद्धा नाहीत, पण आतून पोखरली जातात. मग तुमचा थेंब त्यांना काय शिकवणार? पहिल्या आठवड्यात बाहेरचं कोण आलं होतं?"

"कोणीच नाही," लेक पटकन म्हणाली. "आईला सोडून. पण आई पाय बुडवून, चपला बदलून येते. तिच्याइतकं स्वच्छ कोणी नाही."

"हात, पाय, कपडे झाले. आणखी काय आत नेता, मावशी?"

मावशीने खाली पाहिलं. स्टूल तिच्या बाजूलाच होतं. भुशात रुतू नये म्हणून पायांना तिनेच गोणपाट गुंडाळून बांधलं होतं, आणि त्या गोणपाटात शेडाशेडांतला भुसा, विष्ठा, पिसं घट्ट बसली होती. आजवर तिने ते कधीही धुतलं नव्हतं. बसायची वस्तू, तिला काय धुवायचं! बोलली नसती तर कोणाला कळलंही नसतं.

"मीच आणलं गं," ती म्हणाली. "टेकडीवरची पिल्लं आजारी होती. मला दिसलं होतं. तिथनं उठले ते हे स्टूल घेऊन सरळ तुझ्याकडे आले."

ती लेकीकडे निघाली. लेकीने हातातलं पोतं खाली ठेवलं आणि तळवा पुढे धरला.

"आई, तिथेच थांब."

मावशी थांबली. डॉक्टरबाईंनी हातमोजे काढले, वही उघडली आणि हलकेच विचारलं, "टेकडीवरून आल्यापासून हे स्टूल आणखी कुठे कुठे गेलं?"

मावशी बोटांवर एकेक शेड मोजू लागली. दोन्ही हातांची बोटं संपली, तरी ती अजून गेल्या आठवड्यापर्यंतही पोचली नव्हती.