ज्याचा संशय नेहमी खरा ठरतो

आमच्या घरी एक सिनेमा इतक्या वेळा लागलाय, की त्यातला खलनायक दारात आला तर मी त्याला चहा विचारेन. जुना, परदेशी, हिंदीत डब केलेला हेरांचा सिनेमा, पेन ड्राइव्हवर आणलेला. नकाशांच्या कचेरीतल्या एका साध्या कारकुनाला वाटू लागतं की आपल्यावर पाळत आहे. मग घरमालकीण, न्हावी, जुने मास्तर, एकेक करत सगळेच कटातले निघतात.

सिनेमा चांगला आहे, हे मला आजही नाकारता येत नाही. पहिला तासभर कुणी धावत नाही, गोळी सुटत नाही. एक माणूस बाकावर पेपर वाचत बसतो आणि पान उलटत नाही, एवढंच. तेवढ्यावर सिनेमा धरून ठेवतो. शेवट मात्र पार फसलाय. खलनायक पिस्तूल रोखून अख्खा कट सांगत बसतो, जणू त्याला दुसरा उद्योगच नाही. नायिकेच्या वाट्याला तर रडण्यापलीकडे काही नाही. बाबांना याचं काही नसायचं. त्यांचा राग डबिंगवर. "त्यो बोलतो येक, आवाज येतो दुसराच," म्हणायचे.

बाबांनी तीस वर्षं भिवंडीत कापडाचे लूम चालवले. त्या खडखडाटात कानाचा उपयोग नसतो, कामगार एकमेकांचे ओठ बघून बोलतात. लहानपणी मला याचं कोण कौतुक! शाळेतली भांडणं मी त्यांना दारातूनच, आवाज न काढता सांगायचे. त्यांचे ओठ वाचायलाही मी तेव्हाच शिकले.

कारखाना बंद पडला, यंत्रं भंगारात गेली आणि बाबा टेमघरच्या आमच्या पहिल्या मजल्यावरच्या घरी खिडकीशी बसू लागले. समोर रस्त्यापलीकडे चहाची टपरी. वर्षभरात त्यांना टपरीवरच्या लोकांच्या ओठांवर स्वतःचं नाव दिसू लागलं. "माझाच इषय चाललाय त्यांचा, बाय." मी हसण्यावारी नेलं. मग त्यांनी बाहेर जाणं सोडलं, मग नळाचं पाणी पिणं. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या. बाबांनी त्या तुळशीच्या कुंडीत पुरल्या. फक्त माझ्या हातचं खायचे. अख्ख्या जगात एवढा एकच माणूस कटाबाहेर उरला होता.

त्या सिनेमातली खरी खोट मला तेव्हा कळली. त्यात संशय घेणारा शेवटी खरा ठरतो. ज्याचा संशय खोटा आहे त्याचं काय, त्याच्या घरच्यांचं काय, याबद्दल चकार शब्द नाही. चिडून एकदा मी टीव्हीच बंद केला. बाबा शांतपणे म्हणाले, "अख्खा बघ. शेवटी त्याचाच खरा व्हता."

मागच्या महिन्यात डॉक्टरांनी थेंबांचं औषध लिहून दिलं, त्याला वास नाही की चव नाही. वळ गावातल्या गोदामातली माझी ड्युटी संपवून मी ते घेऊन आले. किती थेंब घालायचे ते विचारायचं राहिलं होतं. घरात बोललं तर बाबा ऐकतील, म्हणून टपरीपाशीच थांबून डॉक्टरांना फोन लावला. मूर्खासारखी मी खिडकीकडे तोंड करून उभी होते. "चहात घालते," मी म्हणाले. "त्यांना कळणार नाही."

वर जाऊन चहा केला, थेंब घातले, कप पुढे धरला. बाबांनी तो घेतला नाही. माझ्याकडे बघत, आवाज न काढता, नुसत्या ओठांनी विचारलं, "चहात हाय ना?"

खोटं बोलायचं मनात होतं, पण त्यांची नजर माझ्या ओठांवर होती; मी कप मागे घेतला. इतकी शरम मला जन्मात कधी वाटली नाही.

तेव्हापासून बाबा बंद पुड्यातली बिस्किटं स्वतः फोडून खातात. पार वाळत चाललेत. माझ्याकडे इलाज नाही, डॉक्टरांकडेही नाही. सिनेमा अजून लागतो, पण खुर्ची त्यांनी माझ्याकडे वळवून घेतली आहे. आणि फोन आला की मी तोंडावर ओढणी धरते.