मामांची रोजची फेरी

नाव सोडण्याआधी मामा चार बोटं पाण्यात बुडवून दोन्ही कानांच्या पाळ्यांना लावत आणि म्हणत, "गुरजी, मधोमध बसा. भ्या वाटलं तर पाण्याकडं बघू नगासा. माझ्याकडं बघा की."

कसबा बावड्याच्या खालच्या अंगाला पंचगंगेवर तुम्ही कधी उतरला असाल, तर हा माणूस पाहिला असेल. डोक्याला टॉवेल, गुडघ्यापर्यंत धोतर. दोन्ही काठांवरच्या झाडांना दोर बांधलेला होता. तो हातांनी ओढत मामा नाव पलीकडे नेत. माझी शाळा पलीकडे. पुलावरून जायचं तर लांबचा वळसा. मला पोहता येत नाही, त्यामुळे मी वर्षानुवर्षं मामांचं नाक बघत नदी ओलांडली. त्या नाकावरचा तीळ मला आजही दिसतो.

मामा रोज एक फेरी मारायचेच. रविवार असो, उतारू असो वा नसो. मी एकदा चेष्टा केली, "मामा, आज कुणाला पोचवून आलात? माशांना?"

"हसू नगासा. एक दिस खाडा पडला, की म्हणत्यात, हितनं कोण जातंयच कुठं! मग वाट गेली म्हणून समजा."

त्यांची भीती खरी ठरत होती. काठाची जमीन कुणा बड्या माणसाने हॉटेल बांधायला घेतली. नदीकडे जाणाऱ्या पाणंदीवर तारा आल्या, फाटक आलं, फाटकाशी दोन कुत्री आली. ही वाट वापरात नाही, असं मालकाचं म्हणणं. मामांनी तहसील कचेरीत अर्ज केला, साक्षीदार म्हणून माझं नाव घातलं. मी हो म्हणालो खरं, पण त्या रात्री मला झोप लागली नाही. नोकरदार माणूस, बड्यांशी वैर कशाला, असं वाटत राहिलं.

सुनावणीच्या आधीच्या रविवारी मामा तापाने फणफणले. उठवत नव्हतं. माझा हात धरून म्हणाले, "गुरजी, आजची फेरी तेवढी तुमी मारा. दोर वडत जायाचं, वडत यायाचं."

मी गेलो. कुत्र्यांना चुकवून काठावर पोचलो. राधानगरी धरणाचे दरवाजे उघडलेले, पाणी गढूळ, फुगलेलं. दोराला हात लावला तर तो थरथरत होता. एक पाय नावेत टाकला, नाव सरकली. मी पाय काढून घेतला आणि परत फिरलो.

मामांना सांगितलं, "झाली फेरी."

"लई उपकार झालं," असं म्हणून त्यांनी डोळे मिटले.

सुनावणीत मालकाच्या वकिलाने फाटकावरून काढलेले फोटो पुढे केले. त्या रविवारी दिवसभर नाव अलीकडच्या काठालाच बांधलेली.

मामा ताडकन उठले. "खोटं हाय सायेब! आमचं गुरजी गेल्यात त्या दिशी. इचारा की त्यास्नी!"

सगळी कचेरी माझ्याकडे बघू लागली. मी उठून उभा राहिलो. म्हणालो, "नाही गेलो, साहेब. भ्यालो."

साहेबांनी निकाल राखून ठेवला. बाहेर चहाच्या गाड्यावर मामांनी माझ्या चहाचेही पैसे दिले. रागावले असते तर बरं झालं असतं. मग हळूच म्हणाले, "भ्या वाटल्यालं सांगायचं हुतं, गुरजी. म्या तापातनं गेलो असतो की."

मामा त्या थंडीत गेले. निकाल अजून आलेला नाही.

आता रोजची फेरी मी मारतो. रविवारीसुद्धा. कुत्री भुंकतात, फाटकावरचा माणूस मोबाईलवर माझा फोटो काढतो. चार बोटं पाण्यात बुडवून कानांना लावतो आणि दोर ओढू लागतो. मध्यावर नाव हलते. पाण्याकडे बघायचं नाही, एवढं मला पक्कं ठाऊक आहे. पण समोरची फळी रिकामी असते, आणि मग कुठे बघावं ते कळत नाही.