मशीन गार होईपर्यंत

रॉकेल आणि पेट्रोल यांत एवढा फरक का, हे मला अजून नीट समजलेलं नाही. मी चौथी शिकले. जन्मभर पेटत्या स्टोव्हमध्ये रॉकेल ओतलं, डबा चुलीशेजारी ठेवला, कधी काही झालं नाही. म्हणून मुलाने जनरेटरसाठी पेट्रोल आणलं, तेव्हा तो कॅनही मी चुलीशेजारीच ठेवला.

मुलाने पाहिलं आणि कॅन उचलून तो अंगणात पळाला.

"आई, घर उडवतीस का?"

"झाकण लावलंय की."

"झाकणातनं वास येतोय ना? तो वासच पेटतो."

वास कसा पेटेल? त्याने कॅन परसातल्या रिकाम्या खुराड्यात ठेवला. तिथे सावली असते, जाळीतून वाराही फिरतो. जनरेटर घरापासून लांब, गोठ्याच्या उघड्या बाजूला ठेवला, धूर घरात येऊ नये म्हणून.

हा खटाटोप मालकांसाठी, मुलाच्या वडलांसाठी. त्यांची फुप्फुसं कामातून गेली आहेत. नाकात नळी घालून ते ऑक्सिजनच्या मशीनला जोडलेले असतात आणि मशीन विजेवर चालतं. आमच्याकडे, मार्गासनीच्या पुढे, पावसाळ्यात वीज गेली की दोन-दोन दिवस येत नाही. अशा वेळेसाठी ऑक्सिजनचा एक बाटला घरात असतो. गेल्या वर्षी भातलावणी उरकली त्या आठवड्यात वीज गेली आणि बाटलाही संपला. मुलगा सकाळीच तो भरून आणायला नसरापूरला गेला. जाताना बजावून गेला, "टाकी फुल आहे. मी येईपर्यंत पुरंल. न्हाईच पुरली, तर मशीन गार झाल्याबिगर ओतू नको."

दुपार झाली, तो आला नाही. ओढ्याचं पाणी रस्त्यावर आलं असणार. मोबाईलला रेंज नव्हती. जनरेटर दोनदा उचकला आणि बंद पडला. घरातलं मशीनही थांबलं.

डॉक्टर म्हणाले होते, शांत बसले तर अर्धा तास मशीनशिवाय निभेल. बोलायचं नाही. बोटाला लावायच्या चिमट्यावरचा ऑक्सिजनचा आकडा पंच्याऐंशीच्या खाली जाऊ द्यायचा नाही.

मालक लगेच बोलायला लागले. "अगं, ओत की पेट्रोल!"

"गार होऊ द्या."

"इंजनात म्या... चालू असताना... डिझेल ओतलंय. काय झालं?"

धाकटी जाऊ छत्री घेऊन आली. ती म्हणाली, "अक्का, मानूस बघायचा का मशीन? ओता आन् मोकळ्या व्हा."

चिमट्यावर त्र्याण्णव होतं. मी गोठ्यात गेले. गार झालं हे कशावरून ओळखायचं, ते मुलाने सांगितलं नव्हतं. मी तवा बघते तसं केलं, बोटं ओली करून धुराच्या नळीवर पाणी शिंपडलं. चर्र झालं. भाकरी टाकावी इतका तो ताव होता. खुराड्यातून कॅन आणला, झाकण उघडलं नाही, हातभर लांब ठेवला.

घरात नव्वद. गोठ्यात चर्र. घरात एकोणनव्वद.

मालकांची छाती भात्यासारखी हलत होती. तो राग होता की दम, मला कळेना. दोन्हीत त्यांचं तोंड सारखंच होतं. चिमटा गार बोटाला खोटं दाखवतो असंही कुणीतरी म्हणालं होतं. त्यांचा हात चोळला. आकडा सत्त्याऐंशी.

"बोलू नका," मी म्हणाले.

"म्हातारे... मारतीस..."

जाऊ म्हणाली, "म्या ओतू का?"

"कॅनला हात लावायचा न्हाई," मी ओरडले. खरं तर तिने ओतलं असतं तर मला बरं वाटलं असतं. मग जे होईल ते तिच्या हातून झालं असतं.

पुन्हा पाणी शिंपडलं. थेंब नळीवर तसाच राहिला. मी नळीला हात लावून पाहिला. उनउनीत होती, चटका नव्हता. नरसाळ्याने टाकीत ओतलं, काठोकाठ भरलं नाही. थोडं बाहेर सांडलंच. ते फडक्याने पुसलं, फडकं आणि कॅन दोन्ही लांब नेऊन ठेवली, सांडलेलं वाळेपर्यंत थांबले. ते थांबणं सगळ्यात वाईट होतं, कारण आतून मालकांचा आवाज येईनासा झाला होता.

दोरी मी आणि जाऊने मिळून ओढली. चौथ्या खेपेला जनरेटर लागला. मी आत धावले. मालक डोळे मिटून बसले होते. चिमट्यावर शहाऐंशी. नळी नाकात होतीच. हळूहळू आकडा वर आला. नव्वद झाल्यावर त्यांनी डोळे उघडले.

"ओतलं असतंस तर काय झालं असतं?"

"ठावं न्हाई."

ते खरंच मला ठाऊक नाही. संध्याकाळी मुलगा आला, म्हणाला बरोबर केलंस. मालक म्हणतात चूक. मी नळीवरचं चर्र ऐकलं होतं आणि शहाऐंशीही पाहिलं होतं, त्यामुळे कुणाचंच पटत नाही.

आता मी टाकी रिकामी होऊ देत नाही. बाटला भरलेला असताना, दिवसाउजेडी, टाकी निम्म्यावर आली की मालकांची नळी बाटल्याला लावते, जनरेटर बंद करते आणि गार होऊ देते. बाटला आहे तरी मालक तेवढा वेळ तोंड उघडत नाहीत. आतून आवाज आला नाही की मला गोठ्यात काही सुचत नाही. म्हणून त्यांच्या हातात पितळी तांब्या दिला आहे. ते तो खाटेच्या लोखंडी पायावर आपटत राहतात, जरा जास्तच जोरात. पोचे पडलेत त्याला. पडू देत.