उष्टा अल्बम

ग्रंथालयातल्या लांब टेबलावर जावा बेटातल्या जुन्या मंदिरांच्या छायाचित्रांचा अल्बम उघडा होता आणि आमच्याकडे व्याख्यानाला आलेले प्राध्यापक जिभेला बोट लावून त्याची पानं उलटत होते. दर पानाला तेच. जीभ बाहेर, बोट ओलं, आणि मग तेच बोट दगडातल्या कोरीव कामावर टेकवून, "हेही आपलंच!"

"सर, थुंकी नका लावू. कडेला धरून उलटा," ग्रंथपाल बाई म्हणाल्या.

"अहो, सगळं संशोधन असंच केलंय मी," ते हसले आणि पुन्हा जीभ बाहेर काढली.

मला शिसारी आली. त्यांच्या बोटाखाली खांबांवर उभारलेलं एक घर होतं. असलं घर आमच्या सात पिढ्यांनी पाहिलेलं नाही. तिथल्या कुणा पाथरवटानं ते आपल्या गावात पाहिलं, जीव ओतून कोरलं, आणि त्याच्या वाट्याला काय आलं, तर हा ओला ठसा.

लहानपणी आम्ही भावंडं ताटातला मोठा पेढा आधीच चाटून ठेवायचो. उष्टं केलं की तो आपला. मग दुसरं कुणी मागत नाही.

प्राध्यापक चहाला गेले. बाईंनी डाग टिपले आणि अल्बम माझ्यापुढे सरकवला. "घ्या. तुम्हालाही लेखासाठी त्यात आपल्याकडचं काहीतरी शोधायचं होतं ना?"

पुढचं पान चिकटलं होतं. ते सुटेना, आणि माझं बोट केव्हाच जिभेवर पोचलं होतं.