एका संगणकात दोन बिऱ्हाडं

माझ्या सासऱ्यांना माणसांच्या चुका चालत, अक्षरांच्या चालत नसत. मला बघायला ते अमरावतीला आले तेव्हा माझ्या वडिलांनी ताईच्या लग्नाची पत्रिका मोठ्या हौसेने त्यांच्या हातात दिली. बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, चष्मा लावला, ती वरपासून खालपर्यंत वाचली आणि म्हणाले, "छान आहे. कागद छान आहे." माझे वडील खूश झाले. त्या वाक्याचा खरा अर्थ मला पुण्यात वर्षभर राहिल्यावर कळला.

बाबांचा जन्म छापखान्यात गेला. आधी शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवले, मग संगणकावर मजकूर लावला. निवृत्त झाल्यावर मंडईच्या मागच्या आमच्या फ्लॅटच्या पुढच्या खोलीत त्यांनी स्वतःचा संगणक मांडला आणि लग्नपत्रिका जुळवून द्यायला लागले. मोबाइलवर निमंत्रणं धाडायचे दिवस आले तरी काही घरं त्यांच्याकडेच यायची. संगणकाला सासूबाईंनी जुन्या साडीचं कव्हर शिवलं होतं. काम संपलं की बाबा ते घालत, कोपरे ओढून सारखे करत, मगच जेवायला उठत.

त्या संगणकात त्यांचं मराठी अक्षरजुळणीचं सॉफ्टवेअर होतं. ते जुन्या विंडोजवरच चाले. ज्या गृहस्थांनी ते बसवून दिलं होतं ते दुकान बंद करून केव्हाच परदेशी मुलाकडे निघून गेले होते, आणि सॉफ्टवेअरला असं काही कुलूप होतं की ते दुसऱ्या मशीनवर चढतच नसे. बाबांनी हाताने काढलेले गणपती, वेलबुट्ट्या, कोपऱ्यातले मोर, सगळं त्याच्याच आत उघडायचं. हा संगणक गेला की बाबांचं काम गेलं, इतका सरळ मामला होता.

आणि नेमका त्याच संगणकावर माझा डोळा होता.

मी सासरी आले ती गणिताची पदवी आणि बेकारी सोबत घेऊन. घरात बसून माझा जीव आंबायला लागला तेव्हा मी प्रोग्रामिंगच्या क्लासला नाव घातलं. तिथल्या सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, घरी लिनक्सवर, म्हणजे विंडोजऐवजी वापरतात त्या प्रणालीवर, सराव केला नाहीत तर इथे येऊ नका. नवऱ्याच्या ऑफिसच्या लॅपटॉपवर काही चढवायची परवानगी नव्हती. राहिला तो साडीच्या कव्हरातला. धीर करून मी बाबांपाशी विषय काढला.

"बाबा, तुमचं काही हलवणार नाही. डिस्कचा थोडा भाग मोकळा करून तिथे माझं लिनक्स बसवीन. मग संगणक सुरू होताना आपल्याला विचारेल, कुणाचं उघडू म्हणून. त्यासाठी एक छोटा प्रोग्राम असतो, बूट लोडर म्हणतात त्याला."

"आणि त्याने नाही विचारलं तर?"

"विचारतो हो."

"म्हणजे एका घरात दोन बिऱ्हाडं," बाबा म्हणाले. "आपण अमरावतीला बंगल्यात वाढलात. नळ एकच असला की काय होतं ते तुम्हाला ठाऊक नाही."

बाबा मला एरवी 'तू' म्हणत. 'आपण' म्हणाले की समजायचं, आज वारा उलटा आहे. पण आतून सासूबाई म्हणाल्या, "अहो, करू द्या की तिला. नळावर मी आहे ना!" बाबांनी भिंतीवरचं कॅलेंडर उलटून पाहिलं. "पितृपक्षात कर," ते म्हणाले. "तेव्हा कुणी पत्रिका करून मागत नाही."

आता सासूबाई दचकल्या. पितृपक्षात कुणी नवीन काही सुरू करतं का?

"नवीन कुठे? जुन्यातच करतेय," बाबा म्हणाले, आणि मुहूर्त ठरला.

आधी मी त्यांच्या सगळ्या फाइली दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतल्या. सॉफ्टवेअरची प्रत काही काढता येत नव्हती, तेवढं देवावर सोडलं. सासूबाईंनी कॅबिनेटला हळदकुंकू लावलं, बाबांनी ते पंख्याच्या जाळीत जात नाही ना हे वाकून पाहिलं. मग पेनड्राइव्ह लावून मी सुरुवात केली. पडद्यावर डिस्कची एक आडवी पट्टी आली. मधली रेघ माउसने ओढून कुणाला किती जागा ते ठरवायचं. बाबा माझ्या मागे हाताची घडी घालून बसले होते.

"हळू सरकव. माझं किती ठेवलंस?"

"जास्त तुमचंच."

"अजून थोडं ठेव."

थोडं अजून ठेवलं. लिनक्स बसलं, शेवटी बूट लोडर बसला, आणि संगणक बंद होऊन पुन्हा सुरू झाला. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत यादी आली. सगळ्यात वर लिनक्स, मध्ये त्याचेच एकदोन प्रकार, आणि अगदी तळाला विंडोज. मी बाण असलेली कळ दाबत खाली गेले, एंटर मारलं. विंडोज आलं. बाबांचं सॉफ्टवेअर उघडलं, त्यातला गणपती जागच्या जागी बसलेला होता. मला त्याला खरोखर हात जोडावेसे वाटले.

"चाललंय," बाबा म्हणाले. "अजून तरी." मग यादीवर बोट ठेवून, "पण माझं नाव तळाला का?"

पत्रिकेत कुणाचं नाव कुणाच्या वर यावरून त्यांनी घरंच्या घरं भांडताना पाहिली होती. काकांचं नाव आत्याच्या यजमानांच्या खाली गेलं म्हणून कार्यालयाच्या दारातून परत फिरलेली माणसं त्यांना ठाऊक होती. मी म्हटलं, "बाबा, ही नुसती यादी आहे. लिनक्स बसताना स्वतःला वर लावून घेतं."

"पत्रिकासुद्धा नुसती यादीच असते," ते म्हणाले.

मी मनावर घेतलं नाही. सुरुवातीला मी घरीच असायची, संगणक मीच सुरू करायची, त्यांचं उघडून द्यायची. दिवाळी झाली, तुळशीची लग्नं लागली आणि पत्रिका यायला लागल्या. कात्रजचं एक कुटुंब मुलीच्या लग्नासाठी आलं. त्या मुलीच्या आईचीही पत्रिका बाबांनीच छापखान्यात असताना जुळवली होती, म्हणून ते कात्रजहून मंडईपर्यंत येऊन बाबांच्या पुढ्यात बसले होते. बाबांना फार बरं वाटलं. त्यांनी त्या मुलीसाठी नवा मोर काढायला घेतला.

त्याच सुमारास माझा क्लास येरवड्याला आणि सकाळचा झाला. परीक्षा तोंडावर आली. ती चांगली गेली तर कंपन्यांच्या मुलाखती मिळणार होत्या, नाहीतर पुन्हा घर आणि आंबलेला जीव. मी घरी येई तेव्हा संगणक कव्हर घालून बसलेला असे. मी कव्हर काढायची, सराव करायची, पुन्हा घालायची. बाबांचं काम सकाळीच उरकतं असं मला वाटे. बाबा मात्र सारखं विचारत, "तुझी परीक्षा कधी?" मला तो टोमणा वाटायचा. मी फणकाऱ्याने तारीख सांगायची.

परीक्षा देऊन दुपारी घरी आले तर बाबा खिडकीशी बसलेले. मांडीवर पाट, पाटावर कागद, शेजारी काळ्या शाईची दौत आणि तिरक्या टोकाचा जुना टाक. ते कात्रजची पत्रिका हाताने लिहीत होते. बिघडलेले कागद जमिनीवर पडले होते आणि सासूबाई ते उचलत होत्या.

"हे काय, बाबा?"

"पत्रिका."

"ते दिसतंय. पण संगणक?"

"तो तुझा झाला," बाबा शांतपणे म्हणाले. "माझं गेलं त्यातलं. परीक्षा नीट झाली का?"

या माणसाने हे मला आज सांगावं? चप्पलसुद्धा न काढता मी संगणकापाशी गेले, कव्हर ओढलं, बटण दाबलं आणि कळफलकावर हात ठेवून उभी राहिले. काळा पडदा आला. यादी आली. तळाला विंडोज होतं. मी खाली जाऊन एंटर मारलं. बाबांचं सॉफ्टवेअर उघडलं, गणपती उघडला, कात्रजच्या मुलीचा अर्धवट मोरही उघडला.

बाबा टाक हातात घेऊनच मागे येऊन उभे राहिले होते. "हे कुठे होतं?"

"इथेच होतं! बटण दाबून तुम्ही करता तरी काय?"

उत्तर सासूबाईंनी दिलं. "कढीपत्त्याला पाणी घालतात, चष्मा धुतात, चहा घेतात. मग बसतात."

छापखान्यातली रीत होती ती. मशीन सुरू करायचं आणि बाजूला व्हायचं. ते गरम होऊन लयीत येईपर्यंत त्याच्या उरावर उभं राहायचं नाही, नाहीतर कागद अडकतो असा तिथे सगळ्यांचा विश्वास. बाबांचा जुना संगणक उघडायला इतका वेळ घ्यायचा की घरीही ती रीत बिनबोभाट चालून गेली होती. बूट लोडर मात्र थोडे सेकंदच वाट पाहतो आणि कुणी काही बोललं नाही तर वरच्या नावाचं दार उघडतो. बाबांचा चहा संपेपर्यंत पडद्यावर माझं लिनक्स थाटात बसलेलं असायचं. बाबांनी त्यात शोधलं, फोल्डर उघडून पाहिले, सगळे रिकामे. वाटणीची रेघ सरकून आपलं सगळं पुसलं गेलं, अशी त्यांची खात्रीच झाली.

"मग मला काहून नाही सांगितलं?" मी ओरडलेच. राग आला की माझी अमरावती बाहेर येते. "एक हाक मारायची ना! इतके दिवस हाताने लिहून राहिले तुम्ही!"

"परीक्षा होती तुझी," बाबा म्हणाले. "सांगितलं असतं तर तू यातच बसली असतीस. चालत्या मशीनमध्ये ज्याचा हात आहे त्याला छापखान्यात कुणी हाक मारत नाही."

मला रडू आलं, आणि रागही गेला नाही, दोन्ही एकदम. हा माणूस आपलं काम गेलं असं समजून गप्प बसला होता, आणि मी त्याच्यावर फणकारत होते. सासूबाईंनी मला पाणी दिलं आणि बाबांना म्हणाल्या, "आता तो टाक ठेवा खाली. फरशीवर शाई सांडतेय."

संध्याकाळी मी बूट लोडरच्या सेटिंगमध्ये शिरले. विंडोज सगळ्यात वर आणलं, मधल्या फालतू ओळी काढल्या, आणि सेकंद मोजणं बंदच करून टाकलं. "आता खुशाल कढीपत्त्याला पाणी घाला, चष्मा धुवा, दोनदा चहा घ्या. तो थांबेल."

"किती वेळ?"

"तुम्ही येईपर्यंत."

दुसऱ्या दिवशी बाबांनी त्याची परीक्षा घेतली. बटण दाबलं, नेहमीचं सगळं केलं, वर पेपर अग्रलेखासकट वाचला आणि मग खोलीत आले. यादी तशीच उभी होती. "शिस्तीचा आहे," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून एवढं कौतुक तोवर माझ्या वाट्यालाही आलं नव्हतं.

मला जोर चढला. यादीतली इंग्रजी नावं काढून मराठी घालू म्हटलं, आणि बाबांच्या ओळीला 'लग्नपत्रिका' असं नाव दिलं. पण त्या काळ्या पडद्याला आपली लिपी नीट येत नाही. जोडाक्षरं सुटी झाली, वेलांटी भलत्या बाजूला जाऊन उभी राहिली. बाबांचा चेहरा घरात कुणी गेल्यासारखा झाला. "आधी काढ ते. लग्न मोडेल अशाने." मग त्यांनी स्वतःच जोडाक्षर नसलेला, ऱ्हस्व वेलांटी नसलेला शब्द शोधला. 'छपाई'. तो ठीक उमटला.

"आणि माझ्या ओळीला?"

त्यांनी क्षणभर विचार केला. "नोकरी."

"अजून कुठे लागलीय?"

"पत्रिका लग्नाच्या आधीच छापतात," बाबा म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले.

कात्रजचं लग्न थाटात झालं. बाबांचा मोर पत्रिकेच्या कोपऱ्यात पिसारा मिटून उभा होता. पुढे मला मुलाखतीचं बोलावणं आलं. एका ठिकाणी नकार मिळाला, मग एका ठिकाणी होकार मिळाला.

रुजू व्हायच्या सकाळी मी देवाला नमस्कार करून निघाले तर बाबा संगणकापाशी उभे. "जाण्याआधी एक कर. नोकरी वर घे आणि छपाई खाली."

"बाबा, तळाला नाव नको म्हणून तुम्हीच तर तेव्हा..."

"तेव्हा म्हटलं होतं. पत्रिकेत यजमानाचं नाव कुठे असतं?"

इतक्या पत्रिका त्यांच्या खांद्यावरून वाचल्यावर मला ते ठाऊक होतं. ज्यांचं लग्न असतं त्यांची नावं वर, मोठ्या अक्षरांत. बोलावणारे यजमान, घरातली मोठी माणसं, सगळ्यात खाली, 'आपले नम्र' म्हणून उभी असतात.

मी खांद्यावरची पर्स न काढताच बसले आणि ओळींची अदलाबदल केली. निवडलेली ओळ दाखवणारी उजळ पट्टी मात्र खालच्या ओळीवरच राहील असं केलं, म्हणजे बाबांना नुसतं एंटर दाबलं की पुरे. संगणक पुन्हा सुरू केला. वर 'नोकरी', खाली 'छपाई'. दाखवायला मागे वळले, तर बाबा तोवर कढीपत्त्याला पाणी घालायला गेले होते.