वरच्या मजल्यावरच्या बाई आणि बलबीरचं दूध

आमच्या वरच्या मजल्यावरच्या बाईंनी उभ्या आयुष्यात एकही गोष्ट निव्वळ कुणी सांगितली म्हणून खरी मानली नाही. सूर्य पूर्वेला उगवतो हे त्यांना मान्य होतं, पण अमरावतीहून नोकरीसाठी चंदीगडला आल्यावर पहिल्याच पहाटे गच्चीवर जाऊन त्यांनी त्याची खात्री करून घेतली होती. हे त्यांनीच मला सांगितलं, आणि सांगताना चेहऱ्यावर विनोदाचा मागमूसही नव्हता. त्या विद्यापीठात जीवरसायनशास्त्र शिकवायच्या. दिवसभर प्रयोगशाळेत प्रयोग करून माणूस घरी आला की दमून पडेल असं आपल्याला वाटतं. बाईंचे खरे प्रयोग घरी आल्यावर सुरू व्हायचे.

माझ्या नवऱ्याला तिथल्या मोठ्या इस्पितळात डॉक्टरकीची नोकरी लागली म्हणून आम्ही साताऱ्याहून थेट सेक्टर पंधरात येऊन पडलो होतो. घर एका निवृत्त सरदारजींचं. ते फौजेत कॅप्टन होते, म्हणून सगळे त्यांना कॅप्टनसाहेबच म्हणत. बायको वारलेली, मुलं कॅनडात, आणि समोरच्या हिरवळीवर एक वेताची खुर्ची. तिच्यात बसून ते येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलत. खालच्या मजल्यावर अर्ध्या भागात ते, अर्ध्यात आम्ही आणि वर बाई. पंजाबातली ती अतिरेक्यांची, वाईट वर्षं. संध्याकाळ झाली की रस्ते ओस पडत, सेक्टरच्या तोंडाशी वाळूची पोती रचून जवान उभे असत, आणि सकाळचं वर्तमानपत्र घरातलं कुणीतरी आधी वाचून मग दुसऱ्याच्या हाती देई. अशा दिवसांत, पहिल्याच आठवड्यात बाई खाली आल्या आणि ओळखपाळख करून घ्यायच्या आधी म्हणाल्या, "तुमच्याकडे विरजण कुठं ठेवता?"

चंदीगडच्या थंडीत दही लागत नाही हे तोवर मला कळून चुकलं होतं. बाईंना त्याचं कारण हवं होतं. थंडी हे उत्तर त्यांना पुरेसं वाटेना. "थंडी सगळीकडे सारखी नसते ना बाबा. कोणत्या जागची थंडी, ते पाहा ना!" मग एकाच दुधाच्या चार वाट्या, एकाच चमच्यानं विरजलेल्या, आमच्या घरात चार ठिकाणी गेल्या. एक तांदळाच्या डब्यात, एक फ्रिजच्या मागे, एक उघड्यावर ओट्यावर, आणि चौथी कुठं हे मला न सांगताच. ते दुसऱ्या दिवशी कळलं. नवऱ्यानं ड्यूटीवर जायच्या घाईत कपाटातून स्वेटर ओढला आणि दही त्याच्या बुटांवर पडलं. बाई धावत खाली आल्या. त्यांनी आधी बुटांकडे पाहिलं, मग वाकून दह्याकडे पाहिलं आणि समाधानानं म्हणाल्या, "पण लागलं मस्त!" त्या हिवाळ्यात आमचं दही रोज त्याच स्वेटरात लागलं आणि नवरा दुसरा स्वेटर विकत घेऊन आला.

प्रयोग म्हणजे काय हे मला बाईंनी स्वयंपाकघरात शिकवलं. एकाला काहीतरी करायचं, त्याच्यासारख्याच दुसऱ्याला काहीही करायचं नाही, आणि मग दोघांत फरक काय पडतो ते बघायचं. ज्याला काही करायचं नाही तो कंट्रोल. बाईंच्या मते जगाची सगळी भानगड एवढीच होती की लोक कंट्रोल ठेवत नाहीत. एकदा त्यांना आणि माझ्या नवऱ्याला एकाच दिवशी सर्दी झाली. नवऱ्यानं दोघांसाठी गोळ्या आणल्या, तर बाईंनी त्याच्या हातातली गोळी काढून घेतली. "डॉक्टर, तुम्ही घेऊ नका. तुम्ही कंट्रोल." बिचारा आठवडाभर शिंकत राहिला, आणि बाईसुद्धा आठवडाभर शिंकत राहिल्या, तेव्हा औषधाचा उपयोग नाही हे सिद्ध झाल्याच्या आनंदात त्यांनी आम्हाला शेवयांची खीर करून घातली. शेजारच्या मिसेस खन्नांनी एकदा धीर करून त्यांना लग्न का केलं नाही म्हणून विचारलं, तर बाईंचं उत्तर तयार होतं. "मेरी बहन ने किया ना. मैं कंट्रोल हूँ." मिसेस खन्नांना ते कळलं नाही. मला कळलं, आणि हसू आवरल्यावर थोडंसं वाईटही वाटलं.

सगळ्यात गाजला तो झेंडूचा प्रयोग. रोपांशी बोललं तर ती जोमानं वाढतात, असं कुठल्याशा मासिकात आलं होतं. बाईंनी हिरवळीच्या कडेला कुंड्यांच्या तीन रांगा लावल्या. पहिल्या रांगेशी त्या स्वतः रोज सकाळी मराठीत बोलत, दुसरीशी कुणीच बोलायचं नाही, आणि तिसरीशी पंजाबीत बोलायचं काम कॅप्टनसाहेबांकडे. पहिले दोन दिवस ते लाजले. नंतर असे रंगले की झेंडूच्या त्या रांगेला लेहची थंडी, पलटणीतला स्वयंपाकी, सुनेचा स्वभाव, सगळं ठाऊक झालं. महिनाभरात ती रांग कमरेएवढी झाली, फुलांनी वाकली. बाई हरखल्या; पण खात्री केल्याशिवाय हरखायचं नाही हा त्यांचा नियम, म्हणून त्यांनी एके दिवशी गच्चीतून लपून पाहिलं. कॅप्टनसाहेब बोलता बोलता हळूच लोटीभर पाणी घालत होते. "मी इथं प्रयोग करून राहिले, आणि हे पाणी घालून राहिले!" बाई कडाडल्या. कॅप्टनसाहेब खाली मान घालून म्हणाले, "प्रोफेसर साहिबा, इतनी देर बातें कीं, मेहमान को पानी भी न पूछूँ?"

आमच्या ओळीत दूध घालायला बलबीर यायचा. मनीमाजऱ्याच्या पलीकडच्या खेड्यातून, सायकलला दोन्ही बाजूंना कॅन लावून. पगडी कायम जराशी तिरकी, आणि आवाज असा की बेल वाजवायची गरजच पडू नये. एका सकाळी मिसेस खन्ना लगबगीनं आमच्याकडे आल्या आणि दार लावून घेऊन कुजबुजल्या, की मागच्या रांगेत एका घरातली सगळी माणसं आदल्या दिवशी ओकून ओकून आडवी झाली. बलबीरच्या दुधात म्हणे काहीतरी घातलेलं होतं. "इन लोगों का अब क्या भरोसा?" म्हणाल्या, आणि म्हणता म्हणता त्यांची नजर भिंतीकडे गेली, ज्या भिंतीपलीकडे कॅप्टनसाहेब राहत होते. दुसऱ्या दिवशी बलबीर आला तेव्हा एकाही घरानं दार उघडलं नाही. "दूध जी, दूध!" त्याचा आवाज ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला आणि परत आला. एकट्या कॅप्टनसाहेबांनी भांडं भरून घेतलं, आणि त्या दिवसापासून हिरवळीवरची खुर्ची आत गेली. त्यांना कुणी काही म्हटलं नव्हतं. फक्त ते दिसले की लोकांचं बोलणं थांबायचं, एवढंच.

बाई दिल्लीला कुठल्या परिषदेला गेल्या होत्या. परत आल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही. "कोणी पाहिलं? कायच्यावरून म्हणतात?" तशाच त्या मागच्या रांगेतल्या त्या घरी गेल्या आणि पाऊण तासानं परत आल्या. त्या घरातली माणसं लग्नाच्या पार्टीतले उरलेले छोले दुसऱ्या दिवशी खाऊन आजारी पडली होती, आणि मुख्य म्हणजे ती बलबीरकडून दूधच घेत नव्हती! इतक्या दिवसांत त्यांना जाऊन विचारावं असं आमच्यापैकी कुणालाही सुचलं नव्हतं. वाटलं, झालं, मिटलं. पण मिसेस खन्ना म्हणाल्या, त्या दिवशी घेतलं असेल, कुणी सांगावं! भीतीला असं काहीतरी उत्तर सापडतंच. मग बाई बलबीरचं दूध प्रयोगशाळेत घेऊन गेल्या आणि संध्याकाळी येऊन आम्हाला म्हणाल्या, "विष नाही सापडलं. पाणी मात्र भरपूर सापडलं."

"मग तसं लिहून द्या ना सगळ्यांना," नवरा म्हणाला.

"कागदावर कोण विश्वास ठेवते, डॉक्टर? अफवा कानानं आत गेली. ती डोळ्यांनीच बाहेर काढा लागते."

आणि त्यांनी रविवारचा प्रयोग आखला. आपल्या खर्चानं चहा ठेवून सगळ्या ओळीला हिरवळीवर बोलावलं. दोन पातेली, एकात बलबीरचं दूध, दुसऱ्यात डेअरीच्या बूथवरचं पिशवीचं. दोन्ही माझ्या शेगडीवर सारखी उकळलेली, दोन सारखे ग्लास. बलबीरचं दूध बाई पिणार. आणि त्यांना कंट्रोल हवा होता, बूथवरचं दूध पिणारा. बराच वेळ कुणी पुढं येईना. शेवटी मिसेस खन्नांनीच आपल्या नवऱ्याला कोपरानं ढोसलं. ते बँकेतले गृहस्थ, उंच, अबोल. दूध बूथवरचंच आहे ना, हे दोनदा विचारून ते खुर्चीत बसले. माझ्या नवऱ्याला रक्तदाब मोजायचं यंत्र घेऊन मधे बसवलं. बलबीर फाटकापाशी सायकल धरून उभा होता. आत ये म्हटलं तरी आला नाही. कॅप्टनसाहेबांच्या खिडकीचा पडदा किंचित हलत होता.

सुरुवात करण्याआधी बाईंनी उभं राहून आपल्या अमरावती हिंदीत सांगितलं, की प्रयोगशाळेत काय दिसलं ते लपवणं बरोबर नाही, दुधात विष नाही पण पाणी आहे. फाटकातून बलबीरचा आवाज आला, "पाणी ते सारे ही पौंदे ने जी!" म्हणजे पाणी तर सगळेच घालतात. लोक हसले. कितीतरी दिवसांनी ती ओळ एकत्र हसली. मग बाईंनी ग्लास उचलला, क्षणभर तोंडाशी धरला आणि एका दमात रिकामा केला. खन्नांनीही आपला संपवला. सगळे त्यांच्याकडे टक लावून पाहत बसले.

थोड्या वेळानं खन्ना पांढरे पडले. कपाळावर घाम आला. कॉलर सैल करत ते म्हणाले, "डॉक्टर साहब, कुछ ठीक नहीं लग रहा." मिसेस खन्ना किंचाळल्या, ग्लास बदलले गेले म्हणून! माझ्या नवऱ्यानं झटकन खन्नांची नाडी धरली. ती घोड्यासारखी पळत होती. खन्ना बाजूला वाकले आणि झेंडूच्या कुंडीत भडाभडा ओकले. फाटकाशी बलबीरचा चेहरा राखेसारखा झाला. मला वाटलं आता संपलं सगळं, हा माणूस इथून धड घरी जायचा नाही.

बाई खुर्चीतून उठल्या, आमच्या स्वयंपाकघरात गेल्या, उरलेल्या दुधाची दोन्ही पातेली बाहेर घेऊन आल्या, आणि सगळ्यांसमोर एकेक ग्लास भरून दोन्हींतलं दूध प्यायल्या. "अब तो दोनों पी लिया. बदला हो, न बदला हो." मग त्या खन्नांजवळ जमिनीवर बसल्या, ओल्या पदरानं त्यांचं तोंड पुसलं. मला वाटलं होतं त्या आता भीतीवर एक व्याख्यान देतील, तशी संधी पुन्हा आली नसती. त्या हळू आवाजात एवढंच म्हणाल्या, "भाईसाहब, डर लगा ना? लगता है. कोई बात नहीं." खन्नांनी लहान मुलासारखी मान हलवली. अर्ध्या तासात ते ठणठणीत झाले आणि बाईही तशाच टुणटुणीत होत्या; फक्त इतकं दूध पोटात गेल्यामुळे चहा नको म्हणाल्या.

तेवढ्यात कॅप्टनसाहेब बाहेर आले. वेताची खुर्ची त्यांनी स्वतः उचलून आणली होती. ती त्यांनी खन्नांच्या शेजारी टेकवली, बसले, आणि फाटकाकडे बघून म्हणाले, "ओए बलबीरे, अंदर आ. चा पी."

त्या रविवारनंतर सगळं पूर्ववत झालं असं म्हणता येणार नाही. खन्नांचं घर दुसऱ्याच दिवसापासून बलबीरकडून दूध घेऊ लागलं, आम्ही घेऊ लागलो, अजून काही घरं. बाकीची बूथवर जात राहिली. बाईंनी ते प्रामाणिकपणे मान्य केलं. "प्रयोग अर्धाच जमला. विष नाही हे दाखवता आलं, बाकीचं नाही दाखवता आलं." पुढच्या वर्षी बलबीरनं म्हशी विकल्या आणि तो मामाकडे करनालला निघून गेला; जाताना बाईंसाठी पाणी न घातलेलं दूध घेऊन आला होता. मग आमची बदली झाली, कॅप्टनसाहेब मुलांकडे गेले, बाई निवृत्त होऊन अमरावतीला परतल्या.

गेल्या वर्षी मी त्यांना भेटायला गेले. भाचीकडे असतात. पुष्कळ थकल्यात, ऐकू कमी येतं, पण मला आवाजावरून ओळखलं. चंदीगडच्या गप्पा निघाल्या, तेव्हा मी म्हटलं, "बाई, तुम्ही धीराच्या. आम्हाला घाम फुटला होता त्या रविवारी."

"मलाही फुटला होता ना," त्या म्हणाल्या. "प्रयोगशाळेत मला माहीत होती तेवढीच विषं तपासली होती मी. माहीत नसलेली कशी तपासणार?"

मी विचारलं, "मग प्यायलात कशा?"

हे कधी कुणी विचारलं नव्हतं बहुतेक. "कोणीतरी प्यायला पाहिजे होतं ना," त्या म्हणाल्या. मग माझ्या नवऱ्याची चौकशी केली, मुलीला काय शिकवलं ते विचारलं, आणि बोलता बोलता त्यांचा डोळा लागला. भाची म्हणाली, आता तासभर तरी उठायच्या नाहीत, तुम्ही निघा, तुमची गाडी चुकेल. मी पर्स उचलली, दारापर्यंत गेले, आणि परत येऊन त्यांच्याजवळ बसले. गाड्या काय, नंतरही होत्या.