साइटवर माणूस लागला नाही

मी एन्टर दाबलं आणि समोरची स्क्रीन जागीच थिजली.

पालघरच्या ऑफिसात बसून मी तारापूरच्या प्लांटमधल्या नेटवर्क स्विचवर काम करत होते. स्विच म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरच्या वायरी जिथे एकत्र येतात तो डबा. त्याची सेटिंग बदलायची तर एरवी लॅपटॉप घेऊन त्याच्यापाशी जावं लागतं. ते टळावं, इथूनच लॉगिन करता यावं, म्हणून रिमोट अ‍ॅक्सेस द्यायचं काम माझ्याकडे होतं. आदल्या दिवशी प्लांटवर जाऊन बरंचसं केलं होतं. उरलेलं इथून करत होते.

मुख्य वायरीतून प्रत्येक विभागाचा डेटा आपापल्या वाटेने जातो. मला त्यात एक वाट वाढवायची होती. कमांडमध्ये ‘अ‍ॅड’ टाकायचं विसरले. स्विच समजला, ही एकच वाट ठेवायची आणि बाकीच्या बंद. त्याने निमूटपणे हुकूम पाळला. मी बसले होते तीच फांदी तोडली.

फोन वाजला. नंदूभाऊ. प्लांटवरचे कंत्राटी सपोर्टवाले, तिथल्याच किनाऱ्यावरच्या नवापूर गावचे. गुडघ्यांनी साथ सोडली म्हणून बोटीवरचं काम सोडून इकडे लागलेले. महिनाअखेरीस त्यांचं कंत्राट वाढवायचं होतं.

“मॅडम, वजनकाटा बंद पडलाय. गेटवर गाड्यांची लाइन लागली हाय.”

“माझ्याच हातून चुकलंय, नंदूभाऊ. अजून सेव्ह केलेलं नाही. स्विचची पॉवर काढून परत लावा, जुनी सेटिंग येईल.”

“लावतो. घाबरू नका तुमी, मी हाय ना इथं.”

थोड्या वेळात सगळं सुरू झालं. मग मी ‘अ‍ॅड’सकट कमांड दिली, तपासली आणि सेव्ह केली. रिमोट उत्तम चालू लागला.

संध्याकाळी मॅनेजरसाहेबांनी विचारलं, “मधे प्लांटवर काही बंद होतं म्हणे?”

“किरकोळ होतं सर. आपोआप सुरू झालं.”

“म्हणजे साइटवर माणूस लागला नाही?”

“नाही सर.”

फटकन बोलून गेले. चूक कबूल केली असती तर चार शब्द ऐकावे लागले असते, बाकी काही नाही. साहेब हे कशासाठी विचारतायत, एवढाही विचार केला नाही. मला फक्त माझी अब्रू दिसत होती. आज लिहितानाही कान गरम होतात.

नंदूभाऊंचं कंत्राट वाढलं नाही. रिमोट आहे, मग तिथे माणूस कशाला, असं वर ठरलं. ते कळल्यावर मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि सगळं खरं सांगितलं.

साहेब म्हणाले, “हे त्याच दिवशी बोलली असतीस तर त्यांना ठेवायला माझ्याकडे कारण होतं. आता सह्या झाल्या.”

माफी मागायची म्हणून नंदूभाऊंना फोन लावला. मी तोंड उघडायच्या आत तेच बोलले.

“मॅडम, मी साहेबांना बोललो होतो, माझं काय काम असतं ते मॅडमना इचारा. तुमी सांगितलं असेल ना?”

“सांगितलं,” मी म्हणाले.

“मंग ठीक हाय. साहेबच ऐकत नाय, तर तुमी तरी काय करणार?”

कधी सांगितलं, ते सांगायला माझी जीभ रेटली नाही. आमच्या धंद्यात चुका होतातच, त्या निस्तरता येतात. पण कबूल करायची वेळ निघून गेली, की खरं बोलूनही कुणाचं भलं होत नाही.